गोंडे करायचा चार मापांचा संच: उरलेल्या लोकरीसाठी कितपत कामाचा?

बाळाचं टोपडं, कुंची, मोजे विणून झाले की प्रत्येक गुंड्यातून थोडी लोकर उरतेच. कुठे पाच ग्रॅम, कुठे वीस, कुठे नुसता हातभर धागा. एवढ्यात दुसरं टोपडं होत नाही आणि टाकून देववत नाही. अशा लोकरीचं सगळ्यात लवकर हाती येणारं काम म्हणजे गोंडे. ते करायला प्लॅस्टिकच्या अर्धगोल कमानींचा चार मापांचा संच हल्ली सगळीकडे मिळतो. हे परीक्षण त्याचं आहे. निकाल आधीच सांगतो: संच घेण्याजोगा आहे, पण चारपैकी दोनच मापं उरलेल्या लोकरीच्या उपयोगाची आहेत. बाकीच्या दोन मापांना पुरेशी लोकर घालायची तर नवा गुंडा फोडावा लागतो, आणि मग ते उरलंसुरलं संपवणं राहत नाही.

मापं ३.५, ५.५, ७ आणि ९ सेंटिमीटर, प्रत्येकाचा रंग वेगळा. एका मापाचे दोन सारखे भाग असतात आणि प्रत्येक भागात एकमेकींना लागून बसणाऱ्या दोन कमानी. बिजागरीवर त्या बाहेर उघडतात. सगळं मिटलं की मध्ये भोक असलेली चकती तयार होते आणि तिच्या कडेने, दोन कमानींच्या मधून, गोल खाच फिरते. कात्री याच खाचेतून चालवायची. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापून गोंडा करायची घरोघरची रीत हीच. फरक एवढाच, की पुठ्ठ्याच्या भोकातून दर वेढ्याला धागा आरपार ओवावा लागतो आणि भोक भरत आलं की सुई घ्यावी लागते. इथे कमान उघडी असते, त्यामुळे वरच्यावर गुंडाळता येतं. पुठ्ठ्यावर वीस-पंचवीस मिनिटं घेणारा लहान गोंडा हात बसल्यावर या साधनावर सहा-सात मिनिटांत होतो.

संचावर बहुतेक वेळा कुठल्याच कंपनीचं ठसठशीत नाव नसतं. किंमत साधारण दोनशे ते तीनशे रुपये. ऑनलाइन मिळतोच, पण मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरी आणि हस्तकलेच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे हातात घेऊन बघता येतो. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. एकच माल असला तरी डबीगणिक फरक पडतो, म्हणून बघून घेतलेला बरा. कमान दोन-तीनदा उघडून मिटा, बिजागरी लटपटली तर ती डबी नको. दोन्ही भाग जोडल्यावर खटका ‘टक्’ करून बसला पाहिजे आणि चकती उलटी धरून हलवली तरी सुटता कामा नये. मग बोटाचं नख कमानीच्या कडेने फिरवा. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकला कधीकधी बारीक खरखरीत कड राहते, ती लोकरीचा तंतू ओढते. एवढा दोष घरी नखांच्या कानशीने घासून जातो. खटक्याचा दोष मात्र जात नाही.

लोकर किती लागेल हे डबीवर लिहिलेलं नसतं आणि खरी फसगत तिथेच होते. गोंडा म्हणजे चेंडू. व्यास दुप्पट केला तर लोकर दुप्पट नाही, आठपट लागते. बाळाच्या विणकामाची नेहमीची मध्यम जाडीची, ५० ग्रॅममध्ये साधारण १२० मीटर भरणारी लोकर धरली तर ३.५ च्या भरगच्च गोंड्याला अडीच ग्रॅम, म्हणजे सहाएक मीटर पुरते. ५.५ ला आठ ते नऊ ग्रॅम लागतात. ७ ला सतरा ते वीस, आणि ९ ला थेट पस्तीस-चाळीस. म्हणून आधी उरलेली लोकर स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. नऊ ग्रॅमच्या खालचं सगळं ३.५ कडे, नऊ ते वीसमधलं ५.५ कडे. सातचं माप मोठ्या माणसाच्या टोपीच्या शेंड्यावर शोभतं, पण त्यासाठी लोकर आधीच बाजूला ठेवायला हवी. नऊचं माप उरलेल्या लोकरीसाठी घेऊच नये. त्याची कमान लांब असल्याने गुंडाळताना मधोमध वाकते, मिटताना दोन्ही भागांत फट राहते आणि कापताना त्या फटीतून धागे निसटतात.

आता गुंडाळणं. एका भागाच्या दोन्ही कमानी एकत्र धरा, धाग्याचं टोक कमानीच्या पायाशी अंगठ्याखाली दाबा आणि पहिले चार-पाच वेढे त्या टोकावरूनच घ्या. गाठ मारू नका. एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं, दर फेरीला मधल्या भागावर थोडे जास्त वेढे द्यायचे. मध्ये कमी पडले की गोंडा गोल न होता दोन्ही बाजूंनी चेपलेला निघतो. ३.५ ला दर भागावर ऐंशी-पंच्याऐंशी, ५.५ ला एकशेसाठ ते एकशेऐंशी वेढे लागतात. मोजायचं नसेल तर खूण सोपी आहे: कमानीच्या पोटातली पोकळी भरत भरत वेढे दोन्ही पायांच्या रेषेत आले की थांबा. रेषेच्या खाली राहिलात तर गोंडा विरळ होतो आणि मधला दोरा बाहेरून दिसतो. रेषेच्या वर गेलात तर दोन भाग मिटत नाहीत. जोर लावून मिटवले की पहिला बळी बिजागरीची खिळी.

उरलेल्या लोकरीत तुकडेच जास्त. वीस सेंटिमीटरएवढा आखूड तुकडाही सहज गुंडाळता येतो, मात्र दोन तुकडे गाठीने जोडू नका. गाठ गोंड्यात कडक खड्यासारखी लागते आणि कापताना तिच्यावर कात्री अडते. एका तुकड्याचं शेपूट कमानीच्या बाहेरच्या, म्हणजे खाचेच्या बाजूला सोडायचं, दुसऱ्याचं टोक तिथूनच सुरू करायचं आणि वेढ्याखाली दाबायचं. ही सगळी टोकं पुढे कात्रीखालीच जाणार आहेत.

कापण्याच्या वेळी घाई केली की सगळी मेहनत सुटते. दोन्ही भाग मिटून खटका लावा. कात्री भरतकामाची, बारीक टोकाची आणि धारदार हवी. बोथट कात्री धागा कापण्याऐवजी चावते, ओढते आणि मग एका बाजूची टोकं लांब, दुसरीकडची आखूड राहतात. चकती टेबलावर आडवी ठेवून डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने मध्यावर घट्ट दाबून धरा. कात्रीचं टोक खाचेत घालून एका वेळी दोन-तीन थरच कापा. पहिला थर सुटला की खालच्या थराची वळणं दिसतात, मग पुढचा घ्या. पूर्ण फेरी होईपर्यंत बोटांची पकड सोडायची नाही. लहान मापाची खाच अरुंद असते. तिथे जाड पात्याची कात्री जातच नाही, हा या संचातला खरा उणेपणा आहे.

लगेच बांधायला घ्या. दोरा चाळीस सेंटिमीटर, आणि तो लोकरीचा नको. ॲक्रिलिकची लोकर ओढली की ताणते, आणखी ओढली की तुटते. क्रोशाचा सुती दोरा किंवा मेण लावलेला दोरा उत्तम. दोरा खाचेत बसवून दोनदा फिरवा. पहिल्या गाठीला एकाऐवजी दोन वेढे द्या, म्हणजे दुसरी गाठ मारेपर्यंत ती सैल होत नाही. बोटांना दोरा टोचेल इतकं ओढा. चकती उलटी करून समोरच्या बाजूलाही एक गाठ मारा. गोंड्याचे धागे चिमटीत धरून ओढले की हातात येतात अशी तक्रार असते ना, तिचं मूळ नव्वद टक्के इथे, या ढिल्या गाठीत. बांधल्यावरच कमानी उघडा आणि दोन्ही भाग एकमेकांपासून अलगद ओढून काढा. बांधलेल्या दोऱ्याची शेपटं कापू नका, गोंडा शिवायला तीच लागतात.

साधनातून निघालेला गोंडा कधीच सुबक नसतो. तळव्यात घोळवा, झटका, मग कातरा. एका जागी एकदम न कातरता गोंडा फिरवत फिरवत थोडं थोडं. ३.५ चा गोंडा कातरून होईपर्यंत सव्वातीनचा झालेला असतो, हे मापात धरून चला.

रंगांच्या बाबतीत हे साधन पुठ्ठ्यापेक्षा खूप पुढे आहे. कमानीच्या मध्यावर सगळ्यात आधी गुंडाळलेला रंग गोंड्याच्या त्या बाजूच्या मधोमध ठिपका होऊन येतो आणि नंतरचे रंग त्याच्याभोवती कडं धरतात. पिवळे बारा-पंधरा वेढे मध्यावर, त्यांना झाकत आणि दोन्ही बाजूंना पसरत पांढरे, आणि बाकी सगळं हिरवं असं घेतलं तर हिरव्या चेंडूवर फूल उमटतं. ठिपका फार पसरट आला तर पहिले वेढे कमानीवर अधिक जवळजवळ घ्या. दोन-तीन ग्रॅमच्या रंगीत तुकड्यांना याहून चांगला उपयोग नाही.

लोकर कोणती आहे हे ओळखता आलं पाहिजे. घरात उरलेली बहुतेक लोकर वर्धमान, ओसवालसारख्या गुंड्यांतली ॲक्रिलिक असते. लेबल हरवलं असेल तर पाच सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवा. वितळून टोकाला काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. केस जळल्याचा वास आणि बोटात चुरगळणारी राख म्हणजे खरी लोकर. कागदासारखा वास आणि मऊ करडी राख म्हणजे सूत. खऱ्या लोकरीच्या गोंड्याला केटलीच्या वाफेवर अर्धा मिनिट धरलं की तो फुलतो. ॲक्रिलिकला वाफ दिलीच तर वीतभर लांबून आणि क्षणभर, कारण जास्त उष्णतेने त्याचा ताठरपणा जातो आणि गोंडा लोळागोळा होतो. तो परत उभा राहत नाही. सुताचा गोंडा जड होतो, फुलत नाही, त्याच्या टोकांचा पीळ सुटतो. सुती लोकर गोंड्यात न घालता क्रोशाने चहाच्या कपाखालच्या चकत्या करायला ठेवा. दहा सेंटिमीटरच्या एका चकतीला आठ-दहा ग्रॅम पुरतं आणि गरम कपाला सूत चालतं. मखमली, केसाळ धाग्याचे गोंडे करू नका. कापलेल्या प्रत्येक टोकातून त्याचा भुगा गळत राहतो.

दारासाठी तोरण करायचं असेल तर संच पुरेसा आहे का? मुंबई-कोकणात झेंडूलाच गोंडा म्हणतात, तेव्हा झेंडूचंच तोरण घेऊ. फ्लॅटची नव्वद सेंटिमीटरची चौकट धरली तर सात-सात सेंटिमीटर अंतरावर तेरा सरी बसतात. प्रत्येक सरीत ३.५ चे दोन म्हणजे सव्वीस गोंडे, पासष्ट ग्रॅम लोकर. वरची १२० सेंटिमीटरची आणि सरींच्या वीस-वीस सेंटिमीटरच्या साखळ्या हिरव्या लोकरीत, चार मिलिमीटरच्या क्रोशाने. त्याला आणखी सात-आठ ग्रॅम. वरची साखळी नुसती ठेवली तर वजनाने ताणून मध्ये झोळ येतो. तिच्यावर एकेरी खांबांची (क्रोशाच्या साध्या, आखूड टाक्यांची) एक ओळ घातली की ती ताठ राहते. झेंडूचा रंग हवा असेल तर दोन तारा केशरी आणि एक तार पिवळी एकदम धरून गुंडाळा. तीन तारा असल्या की वेढे एक तृतीयांश, तीसच्या आत. कातरताना वरचा भाग गुळगुळीत करू नका, फक्त कडा गोल करा. पाकळ्यांचा खडबडीतपणा राहिला तरच तो झेंडू दिसतो.

सव्वीस सारखे गोंडे करायचे तर मात्र संच बाजूला ठेवा आणि स्टूल उलटं करा. दोन पायांभोवती, बाहेरून बाहेर पस्तीस सेंटिमीटर अंतर असेल तर ऐंशी-पंच्याऐंशी फेरे घ्या. पंचवीस ग्रॅम लोकर जाते. दोन्ही बाजूंचे धागे एकत्र घेऊन दर साडेतीन सेंटिमीटरला सुती दोऱ्याने आवळून बांधा, मग दोन गाठींच्या मधोमध कापत जा. एका वेळी आठ-नऊ गोंडे निघतात आणि तीन खेपांत तोरण होतं. फेरे घट्ट घेतले तर प्लॅस्टिकच्या स्टुलाचे पाय आत वाकतात, शेवटचे फेरे आधीच्यापेक्षा आखूड पडतात आणि गोंडे लहानमोठे होतात. सैल हाताने गुंडाळा. या रीतीत ठिपके, फुलं, दोन रंगी अर्धं-अर्धं काही जमत नाही, सगळे गोंडे एका अंगाचे. त्यामुळे संख्या हवी तेव्हा स्टूल, नक्षी हवी तेव्हा संच.

बाळाच्या कुंचीवर गोंडा लावायची रीत जुनी आहे, पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशा जागी गोंडा नको. लहान मूल तो तोंडात घालतं आणि सुटा धागा घशात जाऊ शकतो. लावायचाच असेल तर शेंड्यावर, दोऱ्याची दोन्ही शेपटं विणीतून आत घेऊन तीन-चार सेंटिमीटरच्या कापडी ठिगळावर गाठवा आणि दर धुण्यानंतर ओढून बघा. नाडीच्या टोकाला तर अजिबात नको.

२०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर गणपतीच्या मखरासाठी लोकरीच्या गोंड्यांचा विचार बरेच जण करतात. दिसतात सुंदर आणि दरवर्षी तेच वापरता येतात. पण ॲक्रिलिक हा प्लॅस्टिकचाच तंतू आहे हे विसरू नका. मूर्तीच्या अंगावर किंवा पाटावर लावलेला एकही गोंडा विसर्जनाच्या पाण्यात जाता कामा नये. मखराला सुतळीने बांधा, चिकटवू नका, म्हणजे निघताना सोडवता येतात. कातरणही मोरीत झाडून टाकू नका. दहा गोंड्यांमागे चांगली मूठभर निघते आणि ती जाळीत अडकते.

मुंबईचा पावसाळा या वस्तूंना कठीण जातो. खऱ्या लोकरीला कसर लागते, ॲक्रिलिकला लागत नाही, पण ओलसर राहिली तर कुबट वास दोन्हींना येतो आणि सुती दोऱ्यावर बुरशीचे ठिपके पडतात. मेअखेरीला एकदा दोन तास उन्हात ठेवून, पूर्ण गार झाल्यावर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरा आणि बुटांच्या खोक्यातून मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या आत टाका. बाळाच्या वस्तू असलेल्या डब्यात डांबराच्या गोळ्या घालू नका. दाराबाहेरचं तोरण मळलं तर उशीच्या अभ्र्यात घालून, गार पाण्यात, हाताने दाबून धुवा. पिळायचं नाही. पंख्याखाली आडवं पसरून वाळवा, ओलं टांगलं तर साखळी लांबते.

चार मापांचा संच न घेता चांगल्या प्रतीची मोजकीच मापं घ्यायची असतील तर जपानच्या क्लोव्हर कंपनीची जोडी बघा. ३५ आणि ४५ मिलिमीटर अशी दोन मापं त्यात एकत्र असतात आणि उरलेल्या लोकरीला तेवढी लहान मापं पुरतात. नेहमीच्या संचापेक्षा ती महाग पडते. वर्षाला दहा-बारा गोंडे होणाऱ्या घरात साधा संच पुरेसा आहे. फक्त त्यासोबत शंभर-दीडशेची बारीक टोकाची कात्री जरूर घ्या, कारण घरातली भाजीची कात्री त्या ३.५ च्या खाचेत शिरणार नाही.